खांबातली पाचर

सिडनी, मंगळवार सकाळ

प्रिय बाबा,

मी बरी आहे आणि वेळेवर जेवते, हे आधी आईला सांगा. तुमचा खोकला कसा आहे?

मी कारभार बघते त्या इमारतीच्या तळघरात एका खांबाला तडा गेलाय. तुम्ही खाणीत करायचात तशी मी त्यात लाकडाची पाचर बसवली होती, तडा रुंदावला की ती गळून पडावी म्हणून.

काल घरमालकांची सभा झाली. अध्यक्ष हॅलरन म्हणाले, "मेरिल, तड्याचं इतिवृत्तात काही लिहू नकोस. माझ्या फ्लॅटला गिऱ्हाईक आलंय." मॅनेजरला मत नसतं बाबा, तिने फक्त लिहायचं. म्हणून मी लिहिलं, त्यांच्या या वाक्यासकट. नोकरी बहुतेक जाईल, पण ते आईला सांगू नका. कुत्रा अजून सोफ्यावरच झोपतो का?

आज सकाळी पाचर जमिनीवर पडलेली दिसली. पाचर गळाली की विचार न करता पळायचं, ही तुमचीच शिकवण. मी चाळीसही दारं बडवली.

आता सगळे समोरच्या फुटपाथवर इंजिनियरची वाट बघत बसलोय. शेजारी हॅलरन आहेत, पायजम्यात. आत्ता हळूच म्हणाले, "मी दार उघडायला वेळ लावला, तेही लिहिणार का?"

लिहिलं, बाबा.

तुमची पोर,
मेरिल