फुगणाऱ्या जॅकेटाची परीक्षा

दि. ९ नोव्हेंबर

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

कायाकसारख्या चिंचोळ्या नावेतून मासे धरणाऱ्याने फोमचेच जीवरक्षक जॅकेट घालावे, फुगणारे घालू नये, एवढेच मी या पत्रात सिद्ध करणार आहे.

त्याआधी खुशाली. तुझ्या आईचा गुडघा पुन्हा जिना चढू लागला. जावईबापू ठणठणीत आहेत. डॉक्टरीणबाईंनी छाती दोनदा तपासली आणि 'यांना पोटभर खायला घाला' एवढेच औषध सांगितले. तुझी आई ते औषध दर दोन तासांनी देते आहे.

आता मुद्दा. फोम पाण्यात पडताच तरंगतो; त्यासाठी कोणाला काही करावे लागत नाही. फुगणाऱ्याचा दोर ओढावा लागतो, तेव्हा आतल्या नळकांडीतला वायू त्यात भरतो. गळाचे टोक लागले तर फुगलेले जॅकेटही फुसकन बसते. प्रतिपक्षही मांडतो: फोम उन्हात उकडतो, बैठकीच्या पाठीला अडून वर सरकतो, गळ फेकताना खांद्यांना नडतो.

गेल्या रविवारी तलावात मोठा मासा ओढताना जावईबापूंची नाव कलंडली. त्यांनी दोर ओढला. काही झाले नाही. पुन्हा ओढला. पाणी गार, अंगावर भिजलेले कपडे. शेजारच्या नावेत त्यांचा दोस्त होता, तो उंच शिंपी, ज्याला सगळे बगळा म्हणतात. त्याच्या अंगात फोमचे जॅकेट होते म्हणून त्याने बेधडक उडी घेतली आणि यांना पट्ट्याला धरून काठाला आणले. वर, मासा घालवलात तो घालवलात, माझे वल्हेही घालवलेत, असे सुनावले.

सबब फोम श्रेष्ठ. इथे सही करून मी पाकीट चिकटवले होते. पुन्हा फोडले, कारण हा युक्तिवाद लंगडा आहे. त्या दिवशी फुगणारे जॅकेट नापास झाले नाही. ते परीक्षेला बसलेच नव्हते. नळकांडी आधीच रिकामी होती.

ते जॅकेट मी आणले होते. तू परगावी जाताना घेऊन दिलेले फोमचेच घालणार, असे जावईबापू म्हणत होते. फुगणारेच बरे, या हट्टाला मी पेटलो आणि त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी, भर जेवणात, टेबलापाशी दोर ओढून दाखवला. जॅकेट फुगले, आमटीची वाटी लवंडली. तुझी आई म्हणाली, "झालं समाधान?" मी हवा दाबून काढली आणि चोख घडी घालून ते त्यांच्या हाती दिले. नळकांडी एकदाच चालते, मग नवी बसवावी लागते, हे पुस्तिकेच्या सातव्या पानावर आहे. मी चौथ्यापर्यंतच वाचली होती. माझ्या बाजूचे सारे मुद्दे तिथवरच होते.

त्यांनी विचारले होते, "पुन्हा भरायला नको ना, बाबा?"

मी म्हणालो, "शंका कसली घेता? तयार आहे."

निष्काळजी माणसाच्या भरवशावर संसार होत नाही, नाव विकल्याशिवाय मी घरी येणार नाही, असे तू त्यांना लिहिलेस. तुझे पत्र तुझ्या आईने मला दाखवले. त्यांनी तुला खरे का सांगितले नाही, म्हणून मी विचारले. दोरीचा गुंता सोडवत ते म्हणाले, "माझ्यावरचा राग चार दिवसांचा, बाबा. तुमच्यावर चिडली तर स्वतःच रडत बसेल."

आत्ता ते माझ्यासमोर बसून वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवत आहेत. तीन उत्तरे चुकली आहेत. मी दुरुस्त करत नाही. माणूस समोर आहे, एवढे मला पुरते.

नाव ठेवायची की विकायची, ते तुम्ही दोघे ठरवा. त्यात माझा युक्तिवाद नको. फक्त हे पत्र मिळताच त्यांना फोन कर.

माहीत नसताना मी 'तयार आहे' म्हणालो. चूक माझी, एकट्याची.

तुझे बाबा