सुरेखाच्या सोप्यात बुधवारी

प्रिय मार्थाकाकू,

सलाम.

तुम्ही गेल्याला वर्ष होत आलं. इतके दिवस लिहिलं नाही, कारण रडण्याखेरीज सांगण्यासारखं काही नव्हतं. आज लिहितेय, कारण मला भीती वाटतेय. सकाळी उपासनेहून आल्यापासून चहाही गोड लागत नाही. येत्या बुधवारी मला एका घरी बोलावलंय. जाऊ की नको, हे विचारायला तुम्ही नाही.

तुमचे बुधवार आठवतात. कसबा बावड्यातलं तुमचं ते स्वयंपाकघर, तुम्ही भाकरी थापताय आणि मी नि लिली पवित्र शास्त्र वाचतोय. एका वर्षाला दोघीच. तिसरी कुणी आली तर सरळ सांगायचात, पुढच्या वर्षी ये. प्राथमिक शाळेत चाळीस पोरं सांभाळणारी बाई घरात मात्र दोघींवर थांबायची! मंडळीतले लोक म्हणायचे, काकूंना चर्च वाढवायचंच नाही. तुम्ही कधी उत्तर दिलं नाही. निदान मला तरी सांगायचंत ना, असं का करता ते?

वाचन संपलं की तुमचा प्रश्न ठरलेला, पुढच्या बुधवारपर्यंत काय करणार? आणि पुढच्या बुधवारी चहा ठेवायच्या आधी त्याचीच चौकशी. केलं नसेल तर नवीन पान उघडायचं नाही. शाहूपुरीतल्या माझ्या जावेशी मी बोलणं टाकलं होतं, आणि तुम्ही नेमका समेटाचा भाग काढलात. किती बुधवार मी त्या एका पानावर अडकून पडले! शेवटी रागारागाने तिच्या दारात गेले, तर तीच रडायला लागली. तुम्हाला येऊन सांगितलं तर तुम्ही फक्त पान उलटलंत. थोडी शाबासकी दिली असती तर काय गेलं असतं तुमचं?

तुमच्यामागे मंडळीत काय झालं ते ऐका. पहिले काही महिने सगळं लक्ष हॉलच्या फरशीवर. मग नवी साउंड सिस्टीम. मग एका रविवारी पाळकसाहेबांनी फार तळमळीने उपदेश केला, की आपण शिष्य करायचं विसरलोय. खरंच चांगला केला हो. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, आता तुमचे बुधवार घराघरांत सुरू होणार.

पण आमची पंचमंडळी! आमचे सेक्रेटरी विनोदभाऊ तुम्हाला माहीतच आहेत, माणूस सोन्यासारखा, पण कुठलंही काम हातात घेतलं की त्याचा कार्यक्रम होतो. शिष्यत्वाचा कोर्स काढला. हॉलमध्ये प्रोजेक्टर, फायली, शेवटी प्रमाणपत्र आणि स्नेहभोजन. पुढच्या बुधवारपर्यंत काय करणार, हे कुणी कुणाला विचारलं नाही. मीही नाही. हजेरी लागत होती, तेवढ्यात सगळे खूश होते.

आणि मग फ्लेक्स लावला. आपल्या कोल्हापुरात वाढदिवसाला फ्लेक्स, म्हैस स्पर्धेत पहिली आली तरी फ्लेक्स, मग आम्हीच कसे मागे राहणार? चर्चच्या फाटकावर हा मोठा. 'शिष्य झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मधे सगळ्यांचे फोटो आणि खाली शुभेच्छुक म्हणून पंचमंडळी, शिष्यांपेक्षा मोठ्या आकारात. मी हसले होते, काकू. दुसऱ्या दिवशी नीट बघितलं आणि हसू जागच्या जागी विरलं. त्या चेहऱ्यांत सुरेखा होती.

सुरेखाला तुम्ही ओळखता. माझ्या घरापलीकडच्या गल्लीतली. नवरा गेल्यावर तिची झोप उडाली होती आणि तुम्ही तिच्याजवळ जाऊन नुसत्या बसायचात. तुमच्या मातीला आली आणि नंतरच्या बुधवारी माझ्या दारात उभी राहिली. काकू वाचायच्या ते वाचा की, एवढंच म्हणाली. तेव्हापासून येत होती. ऐकायची, कधी एखादं काही विचारायची, घरी जायची. तिने काय ठरवलं, काही ठरवलं की नाही, मी विचारलं नव्हतं. कोर्सला तर ती कधी बसलीच नाही. स्नेहभोजनाला भात वाढायला हात लावू म्हणून आली आणि सगळ्यांच्या फोटोत उभी राहिली. विनोदभाऊंनी त्यातूनच एकेक चेहरा कापून फ्लेक्सवाल्याला दिला. तिला विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

संध्याकाळपर्यंत त्या फ्लेक्सचा फोटो तिच्या भावकीच्या ग्रुपवर गेला होता. तिचा धाकटा दीर तानाजी दोन माणसं घेऊन आमच्या दारात आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "आमच्या वैनीला बाटवलं व्हय तुमी?"

जे वर्षभर वाचत होते त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मी म्हटलं, पाणी घेता का? त्याने पाणी घेतलं नाही. जाताना आमच्या दारावरच्या नावाच्या पाटीकडे बघून गेला. प्रकाश कागलला कामावर होता. आल्यावर त्याला सांगितलं, तर त्याने जेवण बाजूला सारलं आणि म्हणाला, आपल्याला मुलं आहेत, रूथ. त्यानंतर बेल वाजली की मी आधी खिडकीतून बघते. पोरं शाळेतून यायला जरा उशीर झाला तरी गल्लीच्या टोकाला जाऊन उभी राहते.

तानाजीचा राग मला कळत नाही असं नाही. माझ्या घरातल्या बाईचा चेहरा कुणी तिला न विचारता चौकात टांगला असता, तर मी काय पाणी प्यायले असते?

फ्लेक्स लगेच उतरवला. मग पंचमंडळी बसली आणि ठरलं, घरातली सगळी वाचनं बंद. फक्त रविवारची उपासना, तीही आवाज बेताचा ठेवून. पाळकसाहेब म्हणाले, काही दिवसांपुरतं. पण काकू, असे काही दिवस कधी संपतात का? मला दिसतंय, आपण फरशी पुसत राहू, नाताळाला शेव-चिवडा वाटू, म्हाताऱ्यांना पुरू आणि एक दिवस आत कुणीच शिकणारं उरणार नाही. आणि खरं सांगू? वाचन बंद झाल्याचं ऐकून मला आधी सुटल्यासारखंच वाटलं.

शुक्रवारी बेल वाजली. खिडकीतून बघितलं तर सुरेखाची सासू. आत आली नाही, फाटकाशीच उभी राहून बोलली. "तुमच्यात याय लागल्यापासनं सून झोपाय लागली, एवढं मला ठावं हाय. तुमी काय वाचताय ते ठावं न्हाय. बुधवारी आमच्या सोप्यात येऊन वाचा. दार सताड उघडं ठेवतो. तानाजी म्होरं बसंल. त्याला काय इचारायचं ते इचारू दे."

मी काही बोलायच्या आत ती वळून चालायलाही लागली.

तेव्हापासून मला तो त्यांचा ओसरीसारखा पुढचा सोपाच दिसतोय. भिंतीला टेकून बसलेली भावकी, दारातून डोकावणारी गल्ली, समोर तानाजी, आणि मधे मी, हातात पुस्तक आणि आवाज फुटत नाहीये. तुमच्या स्वयंपाकघरात बोलायचात तुम्ही, मी तर चहा गाळायचे. तुम्हाला कधी भीती वाटलीच नाही का? आता एक आठवतंय. कुणाच्याही घरी जायला निघालो की तुम्ही मला दारात थांबवून पुन्हा एकदा बाथरूमला जायचात. मी चिडवायचे, काकू, वय झालं तुमचं. तुम्हीही हसायचात. ते वय नव्हतं ना? मग तेव्हाच का नाही सांगितलंत?

आज उपासनेनंतर मी पंचमंडळींना सुरेखाच्या सासूबाईंचं बोलावणं सांगितलं. सगळे एका सुरात नको म्हणाले. कोण बोलावतंय, कशाला बोलावतंय, काही भरवसा नाही म्हणाले. त्यांचंही खोटं नाही. स्कूटर काढताना विनोदभाऊ जवळ आले. डोळे लाल होते. म्हणाले, "मी येतो संगं. मला त्या बाईची माफी मागायची हाय, तिच्या घरच्यांच्या म्होरं." हा माणूस कधी कुणाची माफी मागेल असं मला वाटलं नव्हतं. प्रकाश अजून हो म्हणालेला नाही. नाहीही म्हणालेला नाही.

पण मला सगळ्यात जास्त भीती तानाजीची नाही, काकू. भीती ही आहे की तो सुरेखालाच विचारेल, सगळ्यांसमोर, तू आता त्यांच्यातली का? जे तिने अजून स्वतःला विचारलं नसेल, ते आमच्या घाईमुळे तिला भर सोप्यात सांगावं लागेल.

म्हणून तुम्हाला वचन देते. मी जाणार. फोन घरी ठेवून जाणार, पुन्हा कुणाचा फोटो नको. तुम्ही वाचायचात तेवढंच वाचणार, आणि जे मला येत नाही ते येत नाही म्हणणार. तिला तो प्रश्न विचारला गेला तर तिच्या आधी मी तोंड उघडणार नाही, कितीही वेळ लागला तरी. ती 'न्हाय' म्हणाली तर मी तिची शेजारीण आहेच, तिने बोलावलं त्या त्या बुधवारी जाईन. आणि ती 'व्हय' म्हणाली, तर मात्र, काकू, मी खरी घाबरेन. कारण मग रोज सकाळी ती माझ्याकडे बघून शिकणार.

तुमची,
रूथ