विनीला मोरकमला जाऊ द्या

मी, थेल्मा जोन बिकरस्टाफ, वय ७९, पेशाने नटी, राहणार सॅल्फर्ड, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी मला ‘विनी’ अशी हाक मारली. त्यांना दाखला कोण देणार, हे मला ठाऊक नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

विनी म्हणजे विनी थ्रेल. ‘बॉबिन लेन’ या टीव्ही मालिकेत बेचाळीस वर्षे मी तिचे लाँड्रीचे दुकान चालवले. स्वतःच्या घरी मी इस्त्रीला हात लावत नाही.

कलम १. घर भाची हेझलला. शेजारचे मांजर स्वतःला मालक समजते, त्याचा गैरसमज तिने दूर करू नये.

कलम २. माझी आरामखुर्ची क्लाइव्ह नटॉलला. मालिकेत हा माझा नवरा. आमच्या लग्नाच्या भागात त्याने कांदा खाऊन माझे चुंबन घेतले, तेही सात वेळा, कारण दिग्दर्शकाला उजेड पटेना. १९८८ पासून हे मी मनात धरले होते, आता सोडले. माझा त्याच्यावर जीव आहे हे त्याला कुणीतरी सांगावे. मी सांगितले तर शेफारेल.

कलम ३. विनीचा हिरवा एप्रन. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी कपडे वेळेत आले नाहीत म्हणून मी तो बाजारातून आणला, म्हणून तो माझा. विनी माझी नाही. वकील अझीझ म्हणाले, “बाई, विनी कंपनीची. जे तुमचं नाही ते कुणाला कसं देणार?” म्हणून देत नाही, मागते; काय ते पुढच्या कलमात.

कलम ४. आमच्याकडे नट गेला की त्याचे पात्रही मारतात, आणि साधेपणाने कधीच नाही. निर्माती ग्रेटा सिमन्स चहा पिताना मला म्हणाली, “थेल्मा, तुझ्यासाठी नाताळच्या भागात दुकानाची आग राखून ठेवलीय. अख्खा देश रडेल बघ!”

“देशाला रडू दे गं,” मी म्हटले, “नेलीचं काय?”

नेली शॉ, वय ९१, ऑल्डहॅमच्या वृद्धाश्रमात असते. एकोणीस वर्षे ती दर आठवड्याला विनीला पत्र लिहिते. आधी डागांबद्दल विचारायची, मग न येणाऱ्या मुलाबद्दल लिहू लागली. मी विनी म्हणून उत्तर देते. नेलीला वेड लागलेले नाही. एकदा तिने शेवटी लिहिले, ‘थेल्मालाही सांग, खोकला अंगावर काढू नको.’ पण तिची मैत्री विनीशी. दुसरे कुणी तिला पत्र पाठवत नाही. विनी जळाली तर ती कुणाला लिहील? मरणाची मला भीती नाही, याची आहे.

तेव्हा विनीने दुकानाला कुलूप लावावे, एप्रन खुंटीला अडकवावा आणि बहिणीकडे समुद्रकाठच्या मोरकमला राहायला जावे. बहीण आजवर कधी दिसली नाही, ती लेखकांनी जन्माला घालावी. नेलीला उत्तरे पुढे विनीच्या नावाने हेझलने लिहावीत, तिचे अक्षर माझ्याइतकेच गचाळ आहे. एप्रन त्या खुंटीवरच राहावा.

कलम ५. ग्रेटाला काही ठेवलेले नाही. राग नाही. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे, आणि मला या कागदावर तिची सही हवी होती.

पहिली प्रत फाडावी लागली, कारण सवयीने मी ‘विनी थ्रेल’ अशी सही ठोकली. बाकी आयुष्य झकास गेले. तक्रार नाही.

सॅल्फर्ड, १४ नोव्हेंबर २०२३
सही: थेल्मा जोन बिकरस्टाफ

साक्षीदार:
१. इम्रान अझीझ, वकील
२. ग्रेटा सिमन्स, निर्माती

(सहीखाली, ग्रेटाच्या हस्ताक्षरात:) वाचलं. आग रद्द. बहिणीचं नाव काय ठेवू, तेवढं सांग.

(त्याखाली, थेल्माच्या हस्ताक्षरात:) नेली.