उणे बारातही न बदलणारी दारू

३ ऑगस्ट, सकाळी ७
आजपासून ही वही. दुसऱ्या कोणी वाचायची नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं.

तेरा वर्षं अर्ज करून एकदाचा नर एल्कच्या, म्हणजे त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना लॉटरीत लागला. मोसम ऑक्टोबरअखेर सुरू. एक एल्क मिळाला की आम्हा दोघांचं वर्षभराचं मटण निघतं.

गेल्या वेळचा, साध्या परवान्यावरचा एल्क का चुकला, हे परवा आंघोळ करताना लक्षात आलं. काडतुसं मी स्वतः घरी भरतो. तेव्हा भरलेली दारू तपासली ऑगस्टच्या उन्हात आणि गोळी झाडली नोव्हेंबरच्या बर्फात. थंडीत दारू मंद जळते. गोळीचा वेग पडतो. म्हणजे माझा नेम बरोबर होता, दारू चुकली.

यंदा थंडी-उन्हात सारखीच जळणारी दारू शोधायची. शास्त्रशुद्ध.

४ ऑगस्ट
वर्नाला सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण ओरिन, मी तुझ्या शेजारीच होते. गोळी त्याच्या पाठीवरून गेली. वेग कमी झाला तर ती खाली जायला हवी होती ना?"

बायकोला शिकारीला नेऊ नये. तिला सगळं आठवतं.

९ ऑगस्ट
चार प्रकारच्या दारवा निवडल्या. प्रत्येकीची वीस काडतुसं भरली. अर्धी उन्हात तपासायची, अर्धी गारठवून. गारठवायची ती फ्रीझरमध्ये वाटाण्यांच्या पिशव्यांखाली ठेवली. सांगायचं राहिलं.

९ ऑगस्ट, संध्याकाळ
सापडली. वर्नाने शांतपणे विचारलं, "यातलं काय शिजवायचं?"

११ ऑगस्ट
गावाबाहेरच्या मैदानावर. ऊन शहाण्णव फॅरनहाइट. गार काडतुसं पेटीत नेली, भोवती बर्फाऐवजी वाटाण्याच्या पिशव्या. वेग मोजायचं यंत्र मांडलं.

माझी जुनी, तीस वर्षांची लाडकी दारू: उन्हात आणि गारठ्यात सेकंदाला नव्वद फुटांचा फरक. बघा. मी म्हणालो नव्हतो?

दोन नंबर: साठ. तीन नंबर: पंचावन्न. चार नंबर, बारीक करड्या दाण्यांची: फक्त बारा. मी टोपी काढली.

वाटाणे वितळले. आठवडाभर वाटाण्याचं सूप आहे.

१५ ऑगस्ट
मेहुणा लायल आला होता. तो गावातल्या गुरांच्या खाद्याच्या दुकानातून तयार काडतुसं घेतो आणि दरवर्षी एल्क आणतो. नशीब, दुसरं काय.

त्याला नव्वद फुटांचा हिशेब दाखवला. तो म्हणाला, "दाजी, तीनशे यार्डांवर त्याने गोळी किती खाली जाते?"

सांगितलं. साधारण दीड इंच.

"आणि एल्कची छाती केवढी?"

कॉफी निवत होती, म्हणून विषय तिथेच थांबवला.

२ सप्टेंबर
चार नंबरची दारू संपली आणि कुठेच मिळेना. देशभर टंचाई. इतरांनाही अक्कल आहे, असं दिसतं. ग्रेट फॉल्स शहरात जाऊन आलो, जाण्यायेण्याचे एकशे ऐंशी मैल. दुकानातला माणूस म्हणाला, तीन नंबरचीही चालेल, तुमच्या कामाला पुरेशी आहे. त्याला दया दाखवावी तसं हसलो आणि रिकाम्या हाताने परतलो.

१९ सप्टेंबर
मिळाली. एक डबा. घरी येताना सीटबेल्ट लावला. डब्याला.

वर्ना म्हणाली, लग्नानंतर मला घरी आणताना तू एवढा जपून चालवत नव्हतास. तेव्हा गाडीला बेल्ट नव्हते, हे तिच्या लक्षात आणून दिलं.

६ ऑक्टोबर
चाळीस काडतुसं भरून तयार. दारूचा दाणा न् दाणा तोलून. आता रोज बसून, पालथं पडून, गुडघ्यावर नेमाचा सराव करायचा, असं मोसमाआधीच्या यादीत आहे. वर्नाही येणार, तिच्याकडे मादीचा साधा परवाना आहे.

७ ऑक्टोबर
पाऊस. सराव नाही.

१२ ऑक्टोबर
सराव नाही. काडतुसं खर्ची घालणं जिवावर येतं. वर्ना तेवढी लायलबरोबर जाऊन आली. तिच्या बंदुकीत तीच दुकानातली काडतुसं, दोन वर्षं पिकअपच्या खणात पडलेली. उन्हाळ्यात भाजलेली, हिवाळ्यात गोठलेली. तिला धोका समजावून सांगितला. ती म्हणाली, "बरं."

८ नोव्हेंबर
मोसमाचे पंधरा दिवस गेले. हवा उबदार, एल्क वर डोंगरात. मी थंडीची वाट पाहतोय. लायल म्हणतो, शिकाऱ्याने एल्कची वाट पाहावी. त्याला विज्ञान कळत नाही.

१६ नोव्हेंबर
आली. पारा उणे बारा. बंदूक साफ करून बोल्टला, म्हणजे काडतूस आत सरकवणाऱ्या दांड्याला, भरपूर तेल चोपडलं. उद्या.

१७ नोव्हेंबर, दुपारी ४
हात अजून पुरते ऊब धरत नाहीत, पण लिहितो.

उजाडताना आम्ही दोघं आडव्या पडलेल्या पाइनमागे बसलो होतो. कळप खालून आला. पुढे नर. असा नर मी आयुष्यात पाहिला नव्हता. श्वासाची वाफ शिंगांपर्यंत जात होती. अंतर साठ यार्ड. साठ यार्डांवर कुठलीही दारू चालते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

चाप ओढला. बारीकसा टक् आवाज झाला. बस.

तेल. थंडीत बोल्टमधलं तेल मधासारखं घट्ट झालं होतं. काडतुसाला ठोकणारी पिन पुढे सरकली ती पेंगत. दारूपर्यंत गोष्ट पोचलीच नाही.

तोंडातून एक शिवी गेली. मोठ्याने. मग नियमाप्रमाणे नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद मोजायला लागलो. उशिरा उडाली तर. कळप पळाला. नर सर्वांत आधी. एक मादी मात्र झाडीच्या कडेला थांबली आणि त्या शिवीच्या दिशेने, म्हणजे माझ्याकडे, बघायला लागली. माझे सतरा झाले होते तेवढ्यात शेजारी वर्नाची बंदूक वाजली.

एकच गोळी. मादी दोन पावलं चालली आणि बसली.

 वर्नाने माझे हातमोजे उचलून मला दिले. म्हणाली, "तो नर फार सुंदर होता रे." मी मोजे चढवले.

मटण पाठीवरून वाहायला चार खेपा केल्या. बर्फ गुडघाभर.

२६ नोव्हेंबर
बोल्ट कोरडा पुसून आणखी आठ दिवस बसलो. नर दिसला नाही. आज मोसम संपला. चाळीसपैकी चाळीस काडतुसं शिल्लक.

२७ नोव्हेंबर, रात्रीचं जेवण झाल्यावर
लायल बायकोमुलांसह जेवायला. एल्कचा रोस्ट. त्याने वर्नाला विचारलं, पळता कळप असताना नेम साधलास कसा? मी ताटातल्या बटाट्याकडे बघत राहिलो.

वर्ना म्हणाली, "मी काही विशेष केलं नाही. ओरिनने ती थांबवली. आवाज देऊन. त्याला वेळ बरोबर साधते."

लायलने माझ्याकडे आदराने पाहिलं. "कसला आवाज काढलात, दाजी? मादीचा का पिलाचा?"

मी म्हणालो, आपोआप येतो तो. शिकवता येत नाही.