मशीनच्या फळीवर दोन थापा

४ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

शिलाईचं काम भरपूर आहे, बाळी दहा महिन्यांची झाली. आता मुद्द्यावर येते, नाहीतर तुम्ही पाल्हाळ म्हणून लाल शाई काढाल.

सासूबाईंचं म्हणणं, बाळी सगळ्यांपुढे भोकाड पसरते, माझ्यापुढे, म्हणजे आईपुढे, मात्र हूं की चूं नाही. म्हणजे तिला माझा लळाच नाही. आईला ऐकू येत नाही, तर तिनं हाक मारायची कुणाला? तेव्हा शाळेत जाईपर्यंत नणंदेकडे ठेवावी. ती वीस तारखेला न्यायला येतेय. ह्यांनी पेपरामागे आसरा घेतलाय. मी सासूबाईंच्या ओठांवरून सगळं वाचलं. बाळी माझ्यापुढे गप्प असते हे खरं का, मला कसं कळणार? तुम्हाला कान आहेत. ते घेऊन दोन दिवस या.

तुमची,
भाची

११ मार्च

चि. सौ. शिंपीणबाईंस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुझ्याकडे दोन दिवस गप्प बसून पाहिलं. तीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या माणसाला ते किती जड गेलं असेल, ध्यानात घे.

सासूबाईंचं निरीक्षण पास, निष्कर्ष नापास. आजीपुढे बाळी सगळे स्वर दीर्घ उच्चारते. तू हवी असलीस की आवाज बंद! आधी रांगत तुझ्या नजरेच्या टप्प्यात येते, मग ओठ काढून अख्खं रडं चेहऱ्यावर मांडते. तू पाठमोरी असलीस तर मशीनच्या फळीवर थाप. हादरा जाणवून तुझा पाय थबकतो, तू वळतेस. मी नऊ थापा मोजल्या, आठांना वळलीस. नवव्या वेळी तू उठून इस्त्री करत होतीस. तिनं जरा वाट पाहिली, आणि रांगत येऊन तुझा पदर ओढला. रडली नाही. उत्तर मिळणारच, अशी तिची खात्री. एवढी खात्री मला एकाही विद्यार्थ्याची वाटली नाही. थाप जाणवली की तू दर वेळी वळलीस, म्हणून ती शिकली. पुरते दात यायच्या आत दोन भाषा! मला एकीला बारा वर्षं लागली.

निघताना सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, मामा भाचीचीच बाजू घेणार. मी म्हटलं, माझं राहू द्या, तुम्हीच नुसतं बघा.

तुझा,
मामा

२१ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

सासूबाई तीन दिवस भाजी निवडायचं ताट घेऊन माझ्या दारात बसल्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्याही असतील, मी सुईकडे बघत होते.

काल नणंद आली. बाळीच्या कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली. मी मान वर न करता एक बाही तिरकीच शिवत राहिले. तेवढ्यात फळीवर दोन थापा पडल्या. जड होत्या, बाळीच्या नव्हेत. पाय थबकला. वळले तर सासूबाई, आणि कडेवर बाळी, ओठ काढलेली. एरवी त्या मला ऐकू यावं म्हणून ओरडतात. काल सावकाश ओठ हलवून म्हणाल्या, घे, तुला बोलावतेय.

पिशवी त्यांनीच रिकामी केली. बाही उसवायची आहे, म्हणून आवरते. लोभ आहे तसाच राहू द्या, आणि कान सांभाळा.

तुमची,
भाची