बोरीचा पाला, दोन उकळ्या

१२ जानेवारी

माही गोष्ट पुरावा म्हणून लावली! बाबांच्याच पेटंटच्या विरोधात!

आमच्या सुरभी वकीलबाईंचा फोन होता. २०१९ चा कॉलेजचा वार्षिकांक. मले तेव्हा गोष्ट गोष्टीसारखी लिहायचीच नव्हती — म्हणून पाककृती लिहिली. 'चाळीस किलो ओली हळद. दोन घमेले बोरीचा पाला. दोन उकळ्या. झाकण ठेवून बापाची वाट पाहा.' मापं सगळी खरी. बाबांच्या कढईजवळ उभी राहून मोजलेली.

बाबांनी पेटंटचा अर्ज केला २०२१ ले.

१३ जानेवारी

वकीलबाईंशी भांडली. माह्या गोष्टीत किडीचं नावच नाई! बाबा तेव्हा पाला रंगासाठी टाकत. त्या हळदीले कीड लागत नाई, हे त्यांना दोन वर्षांनी दिसलं. पेटंट त्याचंच आहे न!

"तुम्ही लिहिलं तसं केलं की कीड लागतच नाही. कोणाला माहीत असो-नसो. गुण आधीपासून त्यातच होता, असं म्हणतील ते."

मग शोधलं कोणी?

"शोधलं बाबांनी. छापलं आधी तुम्ही."

१४ जानेवारी

पेटंटले विरोध करणाऱ्या समुद्रपूरच्या त्या मसालेवाल्या भूपेंद्रले अंक भेटला कुठून? माह्या मैत्रिणींनीबी वाचला नाई! मले दहा प्रती भेटल्या होत्या, त्या महिन्याभरात घरातून गायब. रद्दीत गेल्या म्हणून रडली होती मी. बाबा तर माहं काहीच वाचत नाईत — "तुह्यं लिहिणं डोक्शावरून जाते, माय."

२ फेब्रुवारी

सुनावणी. कॉम्प्युटरवरच. भूपेंद्रचा वकील म्हणे, गोष्ट बाजूला ठेवा, हे कोणत्याही हळदवाल्याला सुचलंच असतं.

बाबा खुर्चीतून उठले. "सुचलं असतं? मंग त्याले काऊन नाई सुचलं? दरसाल माह्याच घरून हळद नेत होता न तो!"

पेटंट ऑफिसच्या साहेबांनी बसायले लावलं. मग गोष्ट मोठ्यानं वाचली. 'बापाची वाट पाहा'पर्यंत. बाबा खाली पाहून राह्यले होते.

३ फेब्रुवारी

दिवसभर कढई घासली त्यांनी. स्वच्छ होती तरी.

१९ फेब्रुवारी

रद्द.

अर्जाच्या आधी एकदा होस्टेलवर फोन आला होता बाबांचा — "समीक्षा, जुनं पोतं उघडलं, एकबी कीड नाई पाह्य!" मी लिहीत होती. म्हटलं, बाबा, नंतर.

आज माफी मागितली. "कायची माफी? जे पाह्यलं तेच लिहिलं न तू." आणि हसले. हसायले नको होतं त्यांनी. आता कधीच लिहिणार नाई मी. ही वहीबी बंद.

२१ फेब्रुवारी

वकीलबाईंनी फाईल परत पाठवली. पुराव्याची झेरॉक्स आज पहिल्यांदा पाह्यली. अंकाचं पहिलं पान. वरच्या कोपऱ्यात बाबांचं वाकडं अक्षर —

'भूपेंद्रभाऊले सप्रेम. माह्या समीक्षाची गोष्ट आहे. पान ४१. नक्की वाचजो.'