रज्जाकचे स्वच्छ हात

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४
भवानी पेठ

रज्जाकचे हात काळे झाले नाहीत, हेच डोक्यातून जात नाही.

सांगोल्याच्या डॉक्टरांची गाडी आज निळा धूर ओकत माझ्या गॅरेजला आली. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय. मी म्हटलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागणार. तेवढ्यात शेजारच्या गॅरेजातला रज्जाक आला. आम्ही दोघं एकाच उस्तादाकडं शिकलेले. त्यानं सरळ एअर फिल्टरचं झाकण काढलं. धूळ अडवायला आत तेल असतं, ते खुणेच्या पार वर गेलेलं! इंजिन तेच ओढत होतं. जादा तेल त्यानं ओतून टाकलं, आणि थोड्या वेळात धूर बंद. हात पुसायला फडकंसुद्धा लागलं नाही लेकाच्याला.

"रज्जाकभाई, तुमी लई हुशार की वो!" ड्रायव्हर म्हणाला. मला कधी म्हणाला का?

ते तेल मागच्या खेपेला मीच भरलं होतं. सांगोल्याची धूळ, म्हणून जरा जास्तच. रज्जाकनं ओळखलं. माझ्याकडं बघितलं, आणि ड्रायव्हरला म्हणाला, "तिकडं धूळ लई हाय. कुणाच्या बी हातनं जास्त पडतंय."

माझं नाव घेतलं असतं, तर भांडता तरी आलं असतं.